व्हॅलिरियाचा महाविनाश : एका दिवसात संपलेले साम्राज्य, शंभर वर्षे चाललेले पतन

(१) हजारो वर्षे ज्या सत्तेसमोर कोणतेही सैन्य टिकू शकले नाही, ती सत्ता एका दिवसात नाहीशी झाली. तिच्यावर कोणत्याही शत्रूने चाल केली नव्हती. राजधानीला वेढा पडला नव्हता, तटबंदीला भगदाड पडले नव्हते, तहाची बोलणी झाली नव्हती. सकाळी जगातील सर्वांत बलाढ्य नगर जागेवर होते. दिवस संपताना तेथे उकळता समुद्र होता. व्हॅलिरियाच्या या अंताला इतिहासात एकच शब्द रूढ आहे : महाविनाश.

(२) हा इतिहास अर्थातच कल्पित आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी १९९६ पासून प्रसिद्ध होत असलेल्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेतून हे जग उभे केले. २०१४ मध्ये आलेला ‘द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर’ हा ग्रंथ तर त्या जगातील एका विद्वानाने, म्हणजे मेस्टरने, लिहिलेला इतिहास म्हणूनच सादर झाला. त्यात अफवा आहेत, परस्परविरोधी साधने आहेत, पूर्वग्रहही आहेत. म्हणूनच खऱ्या साम्राज्याला विचारावेत ते प्रश्न व्हॅलिरियालाही विचारता येतात.

(३) येथे प्रश्न दोन आहेत. पहिला सर्वपरिचित : डोंगर का फुटले? दुसरा क्वचितच विचारला जातो : डोंगर फुटल्यावर साम्राज्य पुन्हा का उभे राहिले नाही? नैसर्गिक आपत्तीने एक शहर बुडू शकते. पण ज्या राज्याच्या वसाहती खंडभर पसरल्या होत्या, ते राज्य एका शहराबरोबर का बुडावे? पतनाचे खरे उत्तर या दुसऱ्या प्रश्नात दडलेले आहे.

(४) आरंभ साधा होता. एसॉस खंडाच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेल्या एका द्वीपकल्पावर मेंढपाळांची वस्ती होती. तेथे ज्वालामुखींची एक साखळी होती, तिला ‘चौदा ज्वाला’ म्हणत. याच डोंगरांत त्या मेंढपाळांना ड्रॅगन सापडले, असे परंपरा सांगते. ड्रॅगन माणसाळवण्याची विद्या त्यांनी साध्य केली आणि मेंढपाळांची जमात राज्यकर्ती झाली. पुढच्या साऱ्या कथेची किल्ली या भूगोलात आहे : ज्या आगीने त्यांना सामर्थ्य दिले, तिच्याच पायथ्याशी त्यांनी घर बांधले.

(५) त्या काळी जगावर घिसचे वर्चस्व होते. विटांचे पिरॅमिड, शिस्तबद्ध पायदळ आणि गुलामांचा व्यापार ही त्या साम्राज्याची ओळख. घिस आणि व्हॅलिरिया यांच्यात पाच युद्धे झाली. पाचव्या युद्धात घिसचे जुने नगर जाळून टाकण्यात आले आणि त्याच्या शेतांत पुन्हा काही उगवू नये म्हणून मीठ आणि कवट्या पेरण्यात आल्या. रोम आणि कार्थेज यांच्यात इसवी सनपूर्व २६४ ते १४६ या काळात झालेली तीन युद्धे ठाऊक असलेल्या वाचकाला हे साम्य लगेच जाणवेल.

(६) घिस हरले, पण जाताना विजेत्याला एक वारसा देऊन गेले. गुलामगिरी ही घिसची प्रथा. जिंकणाऱ्या व्हॅलिरियाने ती उचलली आणि कितीतरी पटींनी वाढवली. चौदा ज्वालांच्या पोटात सोन्या-चांदीच्या खाणी होत्या. तेथील उष्णता, विषारी वायू आणि अंधार यांत माणसे फार काळ जगत नसत. जितके गुलाम मरत, तितके नवे लागत. नवे मिळवण्यासाठी नवी युद्धे लागत. साम्राज्याचा विस्तार ही त्या खाणींची भूक होती.

(७) राज्यपद्धती मात्र वरकरणी उदार दिसे. व्हॅलिरियात राजा नव्हता. ते स्वतःला मुक्तराज्य म्हणवीत, आणि जमीन धारण करणाऱ्या प्रत्येक मुक्त नागरिकाला कारभारात मत होते. प्रत्यक्षात सत्तेसाठी झगडत ती सुमारे चाळीस घराणी. या घराण्यांकडे ड्रॅगन होते, म्हणून त्यांना ड्रॅगनस्वामी म्हणत. ती एकमेकांचा मत्सर करीत, डावपेच रचीत. पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत होते. ड्रॅगन कोणत्याही परिस्थितीत बाहेरच्या माणसाच्या हाती जाता कामा नयेत. रक्त ‘शुद्ध’ राहावे म्हणून भावाबहिणींचे विवाहही याच हेतूने लावले जात.

(८) ही मक्तेदारी ड्रॅगनपुरती मर्यादित नव्हती. व्हॅलिरियन पोलाद इतर कोणत्याही पोलादापेक्षा हलके, चिवट आणि धारदार असे. ते घडवण्याची रीत तेथील कारागिरांनी गुप्त ठेवली. दगड वितळवून एकसंध रस्ते आणि भिंती उभारण्याची कलाही त्यांचीच. पोलादाच्या तलवारी परदेशी विकल्या गेल्या, रस्ते खंडभर पसरले, ज्ञान मात्र घराबाहेर पडले नाही. उत्कर्षाच्या काळात असे गुपित हे बलस्थान वाटते. त्याची किंमत पुढे चुकवावी लागली.

(९) पश्चिमेकडील रोयन नदीच्या काठी रोयनार लोकांची संपन्न नगरे होती. व्हॅलिरियाच्या वसाहतींशी त्यांचे खटके उडू लागले आणि अखेर गॅरिन या राजपुत्राने अडीच लाखांचे सैन्य उभे केले. सुरुवातीला त्याने विजयही मिळवले. मग आकाशातून तीनशेहून अधिक ड्रॅगन आले. गॅरिनचे सैन्य जळून गेले. सोन्याच्या पिंजऱ्यात कोंडलेल्या गॅरिनने व्हॅलिरियाला शाप दिला, असे लोक सांगत. निमेरिया ही राजकन्या उरलेल्यांना जहाजांत भरून निघाली आणि समुद्रापार वेस्टेरॉसमधील डॉर्नला पोचली.

(१०) या विजयानंतर खंडाच्या पश्चिमेत व्हॅलिरियाला प्रतिस्पर्धी उरला नाही. व्होलांटिस, लिस, मीर, टायरोश, पेंटोस, नॉर्व्होस, कोहोर आणि लोराथ ही नगरे तिच्या कन्या मानली गेली. कोणी व्यापारासाठी वसवले होते, कोणी लष्करी ठाणे म्हणून, कोणी वेगळ्या धर्ममतासाठी. त्यांना स्थानिक कारभाराची मुभा होती. पण अंतिम शब्द राजधानीचा असे, आणि त्या शब्दामागचे सामर्थ्य, म्हणजे ड्रॅगन, राजधानीतच असे. बहुतेक ड्रॅगनस्वामी चौदा ज्वालांच्या छायेत राहणेच पसंत करीत.

(११) नववे नगर वेगळे होते. गुलामांना घेऊन निघालेल्या जहाजांच्या एका ताफ्यावर बंड झाले. बंडखोरांनी जहाजे ताब्यात घेतली आणि व्हॅलिरियापासून शक्य तितक्या दूर, धुक्याने झाकलेल्या एका खाजणात आसरा घेतला. तेच ब्राव्होस. ते शतकाहून अधिक काळ जगापासून लपून राहिले. तेथील पहिल्या कायद्यांपैकी एक असा होता : या नगरात कोणीही गुलाम असणार नाही. ड्रॅगनची सावलीही त्या धुक्यापर्यंत पोचली नाही.

(१२) आता टार्गेरियन घराण्याकडे वळू. चाळीस घराण्यांत हे घराणे मोठे मानले जात नसे. कुटुंबप्रमुख एनार याची मुलगी डेनिस हिला स्वप्ने पडत, आणि व्हॅलिरिया आगीत नष्ट होताना तिने स्वप्नात पाहिले. एनारने मुलीवर विश्वास ठेवला. त्याने मालमत्ता विकली आणि कुटुंब, संपत्ती, गुलाम आणि पाच ड्रॅगन घेऊन तो साम्राज्याच्या पश्चिम टोकावरील ड्रॅगनस्टोन या बेटावर राहायला गेला. प्रतिस्पर्ध्यांनी याला माघार मानले, भ्याडपणा म्हणून हिणवले. त्यानंतर बारा वर्षांनी महाविनाश झाला.

(१३) त्या दिवशी काय घडले याचा एकही प्रत्यक्षदर्शी लेखी वृत्तांत उरलेला नाही. जे सांगितले जाते ते दूरवरून पाहिलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले आहे. पाचशे मैलांच्या परिसरातील डोंगर एकाच वेळी फुटले. आगीचे लोट इतके उंच गेले की आकाशातले ड्रॅगनही त्यांत जळाले. तळी उकळली, जमीन दुभंगली, समुद्र आत घुसला. द्वीपकल्पाचे तुकडे होऊन बेटे झाली आणि त्यांच्यामध्ये जे पाणी पसरले त्याला ‘धुमसता समुद्र’ असे नाव पडले. आजही खलाशी त्या वाटेने जात नाहीत.

(१४) हे का घडले, याविषयी मते अनेक आहेत. कोणी म्हणतात हा गॅरिनचा शाप. कोणी म्हणतात देवांचा कोप. आणखी एक मत असे की चौदा ज्वाला आवरून धरणारे मांत्रिक होते. त्यांच्या मंत्रांची घडी विस्कटली आणि आग मोकळी झाली. ही घडी सत्तास्पर्धेत आणि हव्यासात विस्कटली, असे काही विद्वान मानतात. मांत्रिकांचे खून झाले, असेही काही जण सुचवतात.

(१५) खुनांचा संशय ‘चेहराहीन’ या गुप्त पंथावर घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. या पंथाचा जन्मच व्हॅलिरियाच्या खाणींत झाला. शेकडो देशांतून आणलेले गुलाम आपापल्या देवाकडे एकच मागणे मागत होते, यातनांतून सुटका. ते मागणे ऐकणाऱ्या एका माणसाने त्यांना मृत्यूची ‘देणगी’ दिली, अशी पंथाची कथा आहे. आधी ती गुलामाला मिळाली. पुढे धन्यालाही मिळणार होती, असे तिथे सूचित केले जाते.

(१६) इतिहासाचा विद्यार्थी या मतांपैकी एक निवडण्याची घाई करणार नाही. प्रत्येक मत ते मांडणाऱ्याविषयी काही सांगते. जिंकलेल्यांना शाप हवा असतो, पुरोहितांना पाप हवे असते, विद्वानांना कारणपरंपरा हवी असते. तरीही एक धागा जवळजवळ सर्वांत समान आहे. व्हॅलिरियाचे संकट तिच्या सामर्थ्याच्या मुळाशीच उभे होते : आगीत, खाणीत, गुलामाच्या शापात. कारण कोणतेही माना, बोट त्याच डोंगराकडे जाते.

(१७) आता दुसरा प्रश्न. इसवी सन ७९ मध्ये वेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई राखेखाली गाडले गेले. रोमन साम्राज्य मात्र चालू राहिले. पुढे ४७६ मध्ये पश्चिमेतील शेवटचा सम्राट पदच्युत झाला, तरी कॉन्स्टँटिनोपलमधून पूर्वेचे साम्राज्य १४५३ पर्यंत टिकले. कारण रोमचा कायदा, सैन्य, कारभार आणि नागरिकत्व एका गावात साठवलेले नव्हते; ते प्रांतोप्रांती रुजले होते. व्हॅलिरियाने आपल्या कन्यांना रस्ते दिले, भाषा दिली, गुलामांचे बाजार दिले. सामर्थ्य मात्र दिले नाही.

(१८) म्हणून महाविनाशाच्या दुसऱ्या दिवशी ते राज्य चालवू शकेल असे कोणी उरले नव्हते. लिस आणि टायरोशमध्ये काही ड्रॅगनस्वामी वाचले होते, असे म्हणतात. तेथील नागरिकांनी त्यांना आणि त्यांच्या ड्रॅगनना ठार मारले. ही घटना इतिहासात एका वाक्यात उरकली जाते, पण पतनाचा सर्वांत स्पष्ट पुरावा तीच आहे. राजधानी नाहीशी झाल्याचे कळताच प्रजेने तिचे उरलेसुरले प्रतिनिधी वाचवले नाहीत, संपवले. भीतीवर उभी असलेली निष्ठा भीतीबरोबरच गेली.

(१९) कोहोरमध्ये ऑरिअन नावाचा ड्रॅगनस्वामी त्या वेळी पाहुणा म्हणून होता. त्याने स्वतःला व्हॅलिरियाचा पहिला सम्राट घोषित केले. ज्या राज्याने कधी राजा मानला नाही, त्याला सम्राट लाभला तो राज्य संपल्यावर. तीस हजारांचे सैन्य जमवून, ड्रॅगनवर स्वार होऊन तो उद्ध्वस्त राजधानीकडे निघाला. तो, त्याचा ड्रॅगन आणि ते सैन्य पुन्हा कोणालाही दिसले नाही.

(२०) पुढचे शतक ‘रक्तशतक’ म्हणून ओळखले जाते. व्होलांटिसने ज्येष्ठ कन्या या नात्याने वारसा सांगितला आणि लिस व मीर जिंकून घेतले. इतर नगरे एकत्र येऊन लढली आणि व्होलांटिसचे स्वप्न मोडले. पूर्वेच्या गवताळ प्रदेशातून डोथ्राकी घोडेस्वारांच्या टोळ्या निघाल्या आणि सार्नोरची प्राचीन नगरे एकामागून एक उजाड झाली. कोहोरच्या वेशीवर तीन हजार गुलाम सैनिकांनी त्यांचे अठरा हल्ले परतवले. लढाईअखेर त्यांच्यातील सहाशे उरले. साम्राज्य एका दिवसात मेले, पण त्याच्या मरणाखाली माणसे शंभर वर्षे चिरडली गेली.

(२१) वारसा कोणाला काय मिळाला? पोलाद घडवण्याची रीत कायमची हरवली. जुन्या तलवारी नव्याने घडवता येतात, नवे पोलाद तयार होत नाही. भाषा उरली. लॅटिनपासून इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच निपजल्या, तशी प्रत्येक मुक्त नगरात व्हॅलिरियनची वेगळी बोली तयार झाली. आणि गुलामगिरी उरली. ॲस्टापोर, युंकाई, मिरीन ही जुन्या घिसची नगरे पुन्हा डोके वर काढून माणसांचा बाजार चालवू लागली. घिसची मूळ भाषा मात्र पुसली गेली होती; तेथील धनी गुलामांचा भाव करीत, तो विजेत्याच्याच भाषेत.

(२२) ड्रॅगन उरले ते फक्त ड्रॅगनस्टोनवर. एनारने आणलेल्या पाचांपैकी चार काळाच्या ओघात मेले, बॅलेरियन जगला. बेटावर उबलेल्या अंड्यांतून आणखी दोन जन्मले. महाविनाशानंतर सुमारे शतकभराने एनारचा वंशज एगॉन याने या तीन ड्रॅगनांच्या बळावर वेस्टेरॉस जिंकले. चाळीस घराण्यांतले दुय्यम, भित्रे म्हणून हिणवलेले घराणे एका खंडाचे राजघराणे झाले. ते अधिक शूर होते किंवा अधिक न्यायी होते म्हणून नव्हे. ते त्या दिवशी दुसरीकडे होते, एवढेच.

(२३) त्यांनी धडा घेतला का? एगॉनच्या वंशजांनीही ड्रॅगन एकाच घराण्यात ठेवले, रक्त एकाच घरात फिरवले. एगॉनच्या विजयानंतर १२९ व्या वर्षी हे घराणे आपसांतच लढले. ड्रॅगनविरुद्ध ड्रॅगन उभे राहिले आणि बहुतेक सारे मारले गेले. १५३ व्या वर्षी शेवटचा ड्रॅगन मेला. व्हॅलिरियाचा महाविनाश डोंगरांनी घडवला होता. हा दुसरा विनाश घडवायला डोंगरांचीही गरज पडली नाही.

(२४) इतिहासग्रंथ व्हॅलिरियासाठी हळहळतात. मनोरे गेले, विद्या गेली, ड्रॅगन गेले, याची यादी ते तपशीलवार देतात. त्या दिवशी चौदा ज्वालांच्या पोटात काम करणाऱ्या गुलामांची यादी कोणी दिलेली नाही. ते किती होते, कोठून आले होते, कोणती भाषा बोलत होते, याची नोंद नाही. डोंगर फुटले तेव्हा सर्वांत आधी मेले ते हेच लोक. ज्यांच्या श्रमावर ते नगर उभे होते, ते त्याच्या शोकगीतातही आले नाहीत.

(२५) आणि तरीही एक नोंद उरली आहे. लपून राहिलेले ब्राव्होस जेव्हा जगासमोर आले, तेव्हा बंडात गेलेल्या जहाजांच्या मालकांचे वंशज भरपाई मागू लागले. ब्राव्होसने जहाजांची किंमत चुकती केली. गुलामांची किंमत मात्र देण्यास नकार दिला, कारण माणसांची किंमत नसते, हेच त्या नगराचे अस्तित्व सांगत होते. व्हॅलिरियाने आपल्या सर्व कन्यांना जन्म दिला. या एकीने तो स्वतः मिळवला. आईच्या मृत्यूनंतर सर्वांत संपन्न आणि सर्वांत निर्भय ठरली तीही हीच.